पाणी न साठवणारा रांजण

अकरा नंबरच्या स्पंजाचं तोंड ४१ सेंटिमीटर रुंद. पहिल्या दिवशी मी ते तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा वेगळं आलं. अठरा मीटर पाण्याखाली कापडी टेप ताणून धरायची, दुसऱ्या हातानं पाटीवर पेन्सिलीनं आकडा लिहायचा, आणि हे चालू असताना पायातले फिन खालच्या प्रवाळाला घासू द्यायचे नाहीत. एवढं सगळं एकत्र जमायला मला पंधरा दिवस लागले. शिवाय तोंड गोल नव्हतंच. कडेला एका बाजूनं खळगा होता, कुठल्याशा माशानं कधीतरी कुरतडलेला. तो धरायचा की सोडायचा हे आधी ठरवावं लागलं. मी सोडला, आणि पुढचे सहा महिने दर वेळी सोडत राहिले, म्हणून माझे आकडे एकमेकांशी जुळले.

हे सगळं कुरसाव बेटावरचं. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून साधारण ६५ किलोमीटरवर, कॅरिबियन समुद्रात, नेदरलँड्सच्या राज्याचा भाग असलेलं हे बेट. नेदरलँड्समध्ये एमएससी करत असताना प्रबंधासाठी मला तिथे सहा महिने मिळाले. काम स्पंज या समुद्रतळाला चिकटून राहणाऱ्या प्राण्याच्या एकाच जातीवर करायचं होतं: झेस्टोस्पाँजिया म्युटा. ऑस्कर श्मिट या प्राणिशास्त्रज्ञानं १८७० साली तिचं वर्णन केलं. ‘म्युटा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ मुकी. डायव्हर मंडळी तिला जायंट बॅरल स्पंज म्हणतात, पिंपासारखी दिसते म्हणून. माझ्या डोळ्यांपुढे मात्र पहिल्या दिवसापासून आजीच्या पडवीतला रांजण आला, आणि माझ्या वहीत ती शेवटपर्यंत रांजणच राहिली.

घरी फोनवर सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, “म्हणजे अंघोळीचा स्पंज का गं?” त्यांचा प्रश्न रास्त होता. अंघोळीचा खराखुरा स्पंज हाही याच संघातला प्राणी. फरक एवढाच, की त्याच्या अंगात सुया नसतात, स्पाँजिन नावाच्या मऊ तंतूंचं नुसतं जाळं असतं. मी म्हटलं, “नाही बाबा, हा अंगाला लावला तर सालटं निघेल.” मग आजीनं फोन घेतला. तिला मी म्हटलं, समुद्राच्या तळाशी रांजणासारखा एक प्राणी असतो, माझ्या कमरेएवढा उंच, त्याचा अभ्यास करतेय. ती लगेच म्हणाली, “केवढं पाणी मावतं गं त्यात?”

मला उत्तर देता आलं नाही. तोवर मी शाळेतलंच घेऊन बसले होते: रंध्रीय प्राणिसंघ, अंगभर बारीक छिद्रं, आत कॉलर पेशी, आधाराला कंटिका, म्हणजे बारीक सुया. दहावीला हे सगळं एका दमात म्हणून दाखवायचे. पुस्तकातली आकृती म्हणजे एक उभी नळी, बाजूनं आत येणारे बाण आणि वरून बाहेर जाणारा एक बाण. ते बाण म्हणजेच मुख्य गोष्ट आहे, हे मला कुरसावला जाईपर्यंत कळलं नव्हतं.

बेट कोरडं आहे. वर्षाचे बहुतेक महिने पूर्वेकडून व्यापारी वारा वाहतो आणि दिवी-दिवीची झाडं त्या वाऱ्यानं एका बाजूला झुकून वाढतात. बारमाही नद्या नाहीत, पिण्याचं पाणीसुद्धा समुद्राचं खारेपण काढून करतात. नदी नाही म्हणजे गाळ नाही, म्हणून पाणी इतकं स्वच्छ की वरून तळ दिसतो. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी जे गढूळ, लाल पाणी आपण बघतो, त्याच्या अगदी उलट. वारा पूर्वेचा असल्यामुळे लाटांचा मारा उत्तरेच्या बाजूवर, आणि दक्षिण-पश्चिमेची बाजू निवांत. प्रवाळाचा चांगला पट्टा या निवांत बाजूला आहे, किनाऱ्याला इतका लगटून की बोट लागत नाही. सिलेंडर पाठीला लावायचा, दगडगोट्यांवरून पाण्यात चालत शिरायचं, आधी उथळ ओटा लागतो, आणि आठ-बारा मीटर खोलीवर त्याची कड संपून उतार सुरू होतो.

रांजण त्या उतारावर. उथळ ओट्यावर मला फारच थोडे दिसले, आणि तेही बुटके. कड ओलांडली की मात्र एकामागून एक दिसू लागायचे, अर्धवट उजेडात, तपकिरी-लालसर, कुणीतरी ओळीनं मांडून ठेवल्यासारखे. वाळूत एकही नाही. सगळे कातळाला किंवा मेलेल्या प्रवाळाच्या सांगाड्याला घट्ट चिकटलेले. कारण साधं आहे. हा प्राणी आयुष्यात एकदाच जागा निवडतो, अळी असताना, आणि मग मरेपर्यंत तिथून हलत नाही. वाळू सरकते, गाळ बारीक छिद्रांत बसतो, उथळ पाण्यातली मोठी लाट बुडापासून उखडून टाकते. १९९९ च्या नोव्हेंबरात लेनी नावाचं चक्रीवादळ नेहमीच्या उलट दिशेनं, पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलं आणि त्याच्या लाटा थेट या निवांत बाजूवर आदळल्या. तेव्हा उथळ पट्ट्यातलं बरंच काही मोडून पडलं. उखडलेला रांजण उतारावरून गडगडत वाळूत जातो आणि तिथे हळूहळू मरतो. मी असा एक पाहिला, वादळानं नव्हे, मासेमारीच्या दोरीनं उपटलेला. दोरी अजून त्याच्या अंगात रुतलेली होती.

पहिलं काम नंबर लावायचं. स्पंजाला काही टोचायचं नाही, त्याच्या शेजारच्या मेलेल्या कातळात खिळा ठोकायचा आणि त्याला प्लॅस्टिकचा बिल्ला बांधायचा. असे चोवीस रांजण. प्रत्येकाची उंची, बुडाचा घेर, तोंडाचा व्यास, आतली खोली. माझ्याबरोबर बेटावरचाच एक डायव्हर असायचा, पन्नाशीचा, अतिशय शांत माणूस. पाण्याखाली तो मला सतत एकच खूण करायचा: तळहात खाली, सावकाश. श्वास सावकाश, पाय सावकाश. त्याच्यामुळेच मी बघायला शिकले.

जवळून बघितलं की रांजणाचं अंग गुळगुळीत नाही हे दिसतं. उभ्या कंगोऱ्यांनी, गाठींनी, खाचांनी भरलेलं, जुन्या वडाच्या बुंध्यासारखं. हात लावला तर दगडासारखा कडक, कौलासारखा खरखरीत. पण कडेचा छोटा तुकडा दाबला तर तो वाकत नाही, कचकन तुटतो. म्हणून पर्यटक त्याच्या तोंडात उतरून फोटो काढतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. आत उतरताना नुसतं फिन लागलं तरी कड फुटते. डायव्हिंगला नेणाऱ्या मार्गदर्शकांनी असे फोटो काढू देऊ नयेत, हे मी इथे अगदी कळकळीनं लिहिते आहे.

कंगोऱ्यांच्या खाचांत वस्ती असते. अंगभर केसाळ काटे असलेले ब्रिटल स्टार, म्हणजे तारामाशाचे सडपातळ भाऊबंद, दिवसा बाहू दुमडून बसलेले. निळ्या पट्टीचे बोटभर गोबी मासे. तोंडातून आत डोकावलं तर तळाशी थोडी वाळू आणि कधी एखादा खेकडा. नऊ नंबरच्या आत एक छोटा मासा कायम असायचा. मी टेप आत सोडली की तो बाजूला व्हायचा आणि टेप काढली की पुन्हा नेमका मधोमध यायचा.

आता त्या बाणांबद्दल.

माझी प्रबंधाची मार्गदर्शक एके दिवशी फ्लुओरेसीन घेऊन आली. हा हिरवा-पिवळा चमकणारा रंग पाण्यात सोडला तर प्रवाह डोळ्यांना दिसतो. मी पिचकारीत, म्हणजे सुई नसलेल्या सिरिंजमध्ये, तो भरून अकरा नंबरच्या बुडाशी गेले. दुसऱ्या बाजूला माझा सोबती कॅमेरा लावून, आणि तोंडाशेजारी उभी पट्टी. मी रांजणाच्या बाहेरच्या भिंतीजवळ अगदी हळू, चहाचा चमचाभर रंग सोडला. हिरवा ढग तिथेच तरंगला. मला वाटलं, आता तो पसरून विरून जाणार. पण तो पसरला नाही, भिंतीकडे झुकला. झुकत झुकत भिंतीला चिकटल्यासारखा झाला आणि तिथे, माझ्या डोळ्यांदेखत, दिसेनासा झाला. कुठल्या छिद्रातून गेला ते कळलंच नाही, कारण ती छिद्रं नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. भिंत पुन्हा तपकिरी, आधी होती तशी.

मी श्वास रोखून धरला होता, जो डायव्हिंगमध्ये कधी रोखायचा नसतो. सोबत्यानं लगेच खूण केली. मी श्वास सोडला, वर बघितलं, आणि रांजणाच्या तोंडातून हिरवा धूर निघाला. धूरच म्हणते, कारण पहाटे चूल पेटवल्यावर धुराड्यातून येतो तसा, सरळ वर, एका दाट लोटात, तोंडाच्या काठापेक्षा हात-दीड हात उंच जाऊन मग प्रवाहाबरोबर वळणारा. खायचं तोंड नाही, पोट नाही, स्नायू नाहीत, मज्जातंतू नाहीत, हृदय नाही. आणि तरी एवढं पाणी एवढ्या जोरानं वर ढकललं जात होतं. त्या दिवशी मी वर आले ती रडतच, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

धुराड्याची उपमा मला उगाच सुचली नव्हती. स्टीव्हन व्होगेल या जीवशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात दाखवलं, की वरच्या टोकाला वारा वाहिला की धुराडं जसं आतली हवा ओढून घेतं, तसंच स्पंजाच्या उंच तोंडावरून प्रवाह गेला की आतलं पाणी वर खेचलं जातं. पंपाचं थोडं काम समुद्रच करतो. हे वाचल्यावर उतारावरची ती ओळ मला वेगळी दिसायला लागली. कडेवर प्रवाह असतो. तोंड वर, अंगाची छिद्रं खाली बाजूंना, म्हणजे वापरलेलं पाणी पुन्हा आत येत नाही. अंगाचा आकार आणि राहण्याची जागा असे दोन धडे मी वहीत वेगवेगळे लिहिले होते. ती पानं मी एकत्र केली.

पाणी आत गेल्यावर काय होतं ते बघायला तुकडा घ्यावा लागतो. आम्हाला ठरावीक नमुन्यांचीच परवानगी होती. काठाजवळून धारदार सुरीनं पाचरीसारखा तुकडा काढायचा, मोठ्या लसणाच्या पाकळीएवढा. सुरी फिरताना कुरकुरीत आवाज हाताला जाणवतो, खडीसाखर कापल्यासारखा. बाहेरचा पातळ थर तांबूस-तपकिरी आणि आतलं सगळं फिकट, सायीच्या रंगाचं. पाण्यात थोडा गढूळपणा पसरतो आणि लगेच मासे जमतात.

पहिला नमुना मी वाया घालवला. पिशवीत समुद्राचं पाणी भरून तो ठेवला, वर आले, आणि सामान आवरताना पिशवी गाडीच्या डिकीत राहिली. उन्हात तीन तास. उघडली तेव्हा असा वास आला की मी मागे सरले. कुजलेल्या खेकड्याचा वास कोकणात वाढलेल्या माणसाला नवा नाही, पण हा त्याहून जड होता. स्पंज इतक्या लवकर सडतो त्याला कारण आहे. या जातीच्या अंगात जीवाणू खच्चून भरलेले असतात. अशा गटातल्या काही स्पंजांत वस्तुमानाचा ४० टक्क्यांपर्यंत वाटा जीवाणूंचा असतो. पाणी खेळतं आहे तोवर ते सहकारी. पाणी थांबलं की तेच स्पंजाला कुजवतात. मला दुसऱ्या रांजणाला सुरी लावावी लागली. नियमात बसत होतं, पण तो दुसरा काप माझ्या निष्काळजीपणामुळे झाला, हे मी विसरलेले नाही. पुढचा प्रत्येक तुकडा मी पाण्याबाहेर आल्या आल्या, ओले कपडे अंगावर असतानाच, अल्कोहोलमध्ये टाकला.

कंटिका बघण्याची पद्धत मात्र इतकी सोपी आहे की शाळेतसुद्धा करता येईल. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा परीक्षानळीत घ्यायचा आणि त्यावर साधं घरगुती ब्लीच ओतायचं. फेस येतो, बुडबुडे येतात, मांसल भाग विरघळत जातो. रात्रभर ठेवलं की सकाळी नळीच्या तळाशी पांढरी भुकटी उरते. वरचं पाणी हलकेच काढायचं, स्वच्छ पाणी घालायचं, भुकटी पुन्हा बसू द्यायची. असं तीन-चारदा. शेवटी अल्कोहोल. मग एक थेंब काचपट्टीवर, तो वाळला की वर झाकणकाच. बोटांना ती भुकटी लागली की दिवसभर खुपत राहते, गव्हाच्या कुसळांसारखी, दिसत तर काही नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली ती कुसळं दिसली. शेकडो पारदर्शक सुया, दोन्ही टोकांना निमुळत्या, मधे अगदी किंचित वाकलेल्या. यांना ऑक्सिया म्हणतात. या जातीत बहुतेक सगळ्या अशाच, तारे किंवा आकडे असले नक्षीदार प्रकार नाहीत. मी शंभर सुया मोजल्या. बहुतेकींची लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. या सुया सिलिकाच्या, म्हणजे काचेच्याच. फिरोजाबादला बांगडीची काच वितळवायला हजार अंशांच्या वर तापलेली भट्टी लागते. हा प्राणी समुद्राच्या पाण्यात विरघळलेलं सिलिकॉन उचलून २७ अंशांच्या पाण्यात, प्रथिनांच्या मदतीनं, एकेका पेशीत काच घडवतो. आणि मग या सुयांच्या जुड्या एकमेकींना जोडून, सांध्यांना थोडंसं स्पाँजिन लावून, भिंतभर जाळी विणतो. दगडासारखा कडकपणा आणि कचकन तुटणं, दोन्ही या जाळीमुळे. ही जाळी नसती तर एवढा उंच देह पाण्यात उभाच राहिला नसता, आणि पाण्याच्या वाटाही उघड्या राहिल्या नसत्या.

पेशी बघायला मात्र याच सुया आड येतात. पातळ काप घेणाऱ्या यंत्राचं पातं त्यांच्यावर बोथट होतं, म्हणून आधी त्या आम्लानं विरघळवाव्या लागतात. ते आम्ल म्हणजे हायड्रोफ्लोरिक, अत्यंत घातक. ते काम मी केलं नाही, सराईत तंत्रज्ञानं केलं. मला तयार, रंगवलेले काप मिळाले. त्यांत छिद्रांपासून निघालेल्या वाटा दिसतात, फाटे फुटत फुटत बारीक होत गेलेल्या, आणि शेवटी गोल गोल खोल्या. एकेक खोली मिलिमीटरच्या तिसाव्या-चाळिसाव्या हिश्शाएवढी. खोलीच्या भिंतीला आतून चिकटलेल्या कॉलर पेशी. प्रत्येकीला एक शेपटी, जी सतत हलते आणि पाणी ढकलते, आणि शेपटीभोवती बारीक बोटांची कॉलर, जी गाळणीचं काम करते. कॉलरीच्या बोटांमधली फट इतकी अरुंद, की जीवाणूसुद्धा त्यात अडकतात.

एकेका शेपटीचा जोर नगण्य असतो. मग तो धुराचा लोट कुठून आला? याचं उत्तर मला गावच्या ओढ्यावरून समजलं. ओढा पसरट झाला की पाणी संथ होतं, दोन दगडांच्या मधून गेला की धावतं. रांजणाच्या भिंतीतल्या असंख्य खोल्यांची रुंदी एकत्र धरली तर ती तोंडाच्या रुंदीपेक्षा प्रचंड मोठी. म्हणून खोल्यांमधून पाणी अगदी सावकाश जातं, पेशींना अन्न टिपायला वेळ मिळतो. तेच सगळं पाणी मग एका तोंडातून बाहेर पडताना वेग घेतं आणि दूर फेकलं जातं. फ्लोरिडातल्या काँच रीफवर स्टीव्हन मॅकमरे, जोसेफ पॉलिक आणि ख्रिस्तोफर फिनेली यांनी याच जातीचा पाणी ओढण्याचा वेग मोजला. त्यांच्या २०१४ च्या निबंधात हिशोब आहे, की तिथले रांजण मिळून ३० मीटर खोल पाण्याचा अख्खा थर २.३ ते १८ दिवसांत एकदा आपल्या अंगातून काढतात. आजीच्या प्रश्नाचं उत्तर असं मिळालं. त्या रविवारी मी तिला फोनवर सांगितलं, “आजी, यात पाणी मावत नाही, यातून पाणी जातं. सारखं.” ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “म्हणजे रांजण नव्हे गं, गाळणं.” मी वहीतला शब्द बदलला नाही, पण तिचं म्हणणं बरोबर होतं.

कुरसावच्या पाण्यात या गाळण्याला फार मोठा अर्थ आहे. इतकं निळं, स्वच्छ पाणी म्हणजे अन्नाच्या दृष्टीनं जवळजवळ रिकामं पाणी. मग एवढं गजबजलेलं प्रवाळ जगतं कशावर, हा प्रश्न डार्विनच्या काळापासूनचा. २०१३ साली यास्पर दे खूय आणि सहकाऱ्यांनी याच बेटावरच्या स्पंजांवर काम करून दाखवलं, की प्रवाळ आणि शेवाळ पाण्यात जे विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य सोडतात, ते स्पंज शोषून घेतात आणि झडलेल्या पेशींच्या रूपानं परत बाहेर टाकतात, जे खेकडे, गोगलगायी खातात. ते स्पंज मात्र प्रवाळाच्या कपारींत थर धरून वाढणारे होते. माझा रांजणही विरघळलेलं द्रव्य घेतो, पण त्याच्याकडून तसा झडलेल्या पेशींचा चुरा बाहेर पडताना फ्लोरिडाच्या अभ्यासात आढळला नाही. मी सुरुवातीला सगळ्या स्पंजांना एकच नियम लावत होते. मार्गदर्शकानं माझ्या मसुद्यावर तिथे लाल रेघ मारली, आणि ती योग्य होती.

एका शेजाऱ्याबद्दल लिहायलाच हवं. आमच्या उतारावर जांभळट लांब नळ्यांचा एक स्पंज होता, ॲप्लिसायना आर्चेरी. त्याच्या अंगावर चिकट, दोऱ्यांसारखी घाण साचलेली दिसायची आणि मला वाटायचं, हा आजारी आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कळलं, की हा स्पंज आत आलेला गाळ चिकट श्लेष्मात गुंडाळून, पाणी जिथून आत येतं त्याच छिद्रांतून, प्रवाहाच्या उलट बाहेर ढकलतो, आणि अधूनमधून अंग आकसून तो झटकून टाकतो. शिंकच ती, पण अतिशय संथ. लहान प्राणी ती घाण खायला येतात. हे चित्रीकरणही कुरसावमधल्याच स्पंजांचं.

मार्च महिन्यात चार नंबरवर पांढरा डाग दिसला. काठापासून खाली, तळहाताएवढा. मी घाबरले. रांजणाचा तपकिरी रंग त्याचा स्वतःचा नसतो. बाहेरच्या थरात राहणारे सिनेकोकॉकस नावाचे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उजेडावर अन्न करणारे जीवाणू, तो देतात, म्हणून तर आतला भाग फिकट. ते कमी झाले की पांढरेपणा येतो. यात दोन प्रकार आहेत. एकात काही महिन्यांनी रंग परत येतो आणि स्पंजाचं फारसं बिघडत नाही. दुसऱ्यात पांढऱ्या आणि निरोगी भागाच्या मधे नारिंगी पट्टा दिसतो, पट्टा पुढे सरकतो, मागचा भाग मऊ पडून गळतो आणि रांजण मरतो. मी दर तीन दिवसांनी टॉर्च घेऊन चार नंबरकडे जायचे, नारिंगी दिसतं का बघायला. टॉर्च लागतोच, कारण पाण्याखाली लाल आणि नारिंगी रंग आधी नाहीसे होतात आणि उजेडाशिवाय सगळंच करडं दिसतं.

या भीतीला इतिहासही होता. कुरसावला एक अवाढव्य रांजण होता, अडीच मीटरच्या आसपासचा. २००० सालाच्या सुमारास तो रोगानं मेला. पुढे २००८ मध्ये मॅकमरे आणि सहकाऱ्यांनी फ्लोरिडातल्या रांजणांच्या वाढीवरून वय काढण्याचं सूत्र मांडलं. काँच रीफवरचा सगळ्यात मोठा रांजण त्या हिशोबानं १२७ वर्षांचा. तेच सूत्र कुरसावच्या त्या मेलेल्या रांजणाला लावलं तर उत्तर आलं २३०० वर्षांहून जास्त. सूत्र ज्या आकारांवरून बांधलं त्यांच्याहून हा फारच मोठा, म्हणून हा आकडा जपून घ्यायला हवा, हे त्या अभ्यासकांनीही म्हटलं आहे. मी तो जपूनच घेते. पण निम्मं वय धरलं तरी यादवांच्या राज्याआधी तो त्या उतारावर पाणी ओढत होता.

चार नंबरचा डाग वाढला नाही. नारिंगी पट्टा आला नाही. मी निघाले तोवर कडेनं थोडा तपकिरीपणा परतला होता, मधला भाग पांढराच होता. माझ्यानंतर आलेल्या विद्यार्थ्याला मी त्याचे फोटो आणि तारखा दिल्या आहेत.

शेवटच्या आठवड्यात फक्त मोजमाप उरलं होतं. चोवीसपैकी तेवीस जागेवर होते. सतरा नंबरचा बिल्ला आणि खिळा तसाच, शेजारी कातळावर रांजणाच्या बुडाचा गोल ठसा, त्यावर अजून काही उगवलेलं नव्हतं. मी आणि माझा सोबती उताराखाली वाळूपर्यंत बघून आलो, सापडला नाही.

अकरा नंबरकडे मी सगळ्यात शेवटी गेले. ज्या काठातून तुकडा घेतला होता तिथला कापलेला फिकट भाग पूर्ण झाकला गेला होता. नवा भाग गुळगुळीत, कंगोरे नसलेला, रंगानं आजूबाजूपेक्षा जरा उजळ. टेप ताणली, माशानं कुरतडलेला खळगा सोडला, पाटीवर लिहिलं: ४१. मग तळहात काठाच्या वर, न टेकवता, धरला. हातमोजे नव्हते. वर येणारं पाणी बोटांना लागत होतं.